ताई, टायर कुठले घेऊ?

ताई, तू गेलीस त्याला बावीस दिवस झाले आणि मंगळवारी तुझ्या मोबाइलवर टायरवाल्याचा मेसेज आला. तुझे हिवाळी टायर त्याने तपासले होते. 'नक्षी फार झिजली आहे, हा हिवाळा निघणार नाही. नवे हिवाळी घालू की ऑल-सीझन? कळवा.' भाऊजींनी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि मोबाइल टेबलावरून माझ्यापुढे सरकवला. "मृणाल, हा तुम्हा दोघींचा विषय. तूच बघ."

तुझ्यामागे बँकेची पत्रं आली, विम्याची आली, तुझ्या कार्गोच्या ऑफिसातून आली. भाऊजींनी सगळी शांतपणे फाइलला लावली. या एका मेसेजपाशी मात्र त्यांचा हात अडला. आणि मला काय झालं सांगू? राग आला. कुणाचा ते विचारू नकोस. तीन वर्षं ज्या एका गोष्टीवरून आपण भांडलो, तिचा निकाल माझ्या एकटीच्या गळ्यात घालून तू निघून गेलीस. हे काही बरोबर नाही हं.

हॉलंडात बाडहूव्हडॉर्पला आम्ही राहायला आलो तेव्हा तू तीन घरं सोडून पलीकडे होतीस आणि पहिल्याच आठवड्यात विचारलं होतंस, "गाडीला टायर कुठले आहेत गं?" लोक नव्या शेजाऱ्याला विचारतात, मूळ गाव कुठलं, मुलं किती. तू टायर विचारलेस. मी म्हटलं, "आहेत की चार." तू हसली नाहीस.

तुझं पंचांगच वेगळं होतं. इथले लोक म्हणतात, हिवाळी टायर ऑक्टोबर ते ईस्टर. तू म्हणायचीस, "दसऱ्याला चढवायचे, पाडव्याला उतरवायचे. आपल्या सणांना काय धाड भरली आहे?" आणि खरंच, एक वर्ष चुकवलं नाहीस. उरलेले सहा महिने ते टायर त्या टायरवाल्या यानच्या दुकानामागच्या गोदामात राहायचे. त्याला इथे टायरांचं हॉटेल म्हणतात हे कळलं तेव्हा मी हसून हसून लोळले होते. आपल्याकडे पाहुण्याला झोपायला सोफा, आणि यांच्या टायरांना हॉटेल! तू दसऱ्याला डब्यात हळदकुंकू, अ‍ॅमस्टरडॅमहून आणलेली झेंडूची फुलं आणि चार लिंबं घेऊन यानकडे जायचीस. सहा फुटांचा तो माणूस हातातलं पान्याचं काम थांबवून उभा राहायचा. पहिल्या वर्षी त्याला वाटलं होतं, लिंबाच्या रसाने रबर तपासायची ही काहीतरी भारतीय पद्धत आहे. त्याने मला गंभीरपणे विचारलंही होतं, रस कुठे लावायचा म्हणून.

मी मात्र तुझं ऐकणारी नव्हते. माझं म्हणणं सरळ होतं. गाडी एसयूव्ही, चारही चाकांना जोर, चाकं ही एवढाली. मला कशाला हिवाळी टायर? शिवाय लायसन्सही होतंच. ते कसं, हे तुला माहीत होतं आणि तू ते चारचौघांत सांगायचीस. तीस टक्के करसवलतीवर आलेल्या आम्हा मंडळींना हेमेन्तेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, खिडकीवर पुण्याचं लायसन्स दिलं की डच लायसन्स हातात येतं. परीक्षा नाही, शिकवणी नाही. सिंहगड रोडवर गाडी चालवली म्हणजे जगात कुठेही चालवता येते, असं मला मनापासून वाटायचं. तू वीस वर्षांपूर्वी आलेली, तुला परीक्षा द्यावी लागली. "मी दोनदा नापास झालेली बाई आहे," तू छाती पुढे काढून म्हणायचीस, "मला विचार."

मी विचारलं नाही. मग ती संक्रांत आली.

आपण दोघी आम्स्टेलव्हेनला हळदीकुंकवाला निघालो होतो. तू काळी चंद्रकळा नेसली होतीस, मांडीवर तिळगुळाचा डबा. रस्ता नुसता ओला दिसत होता. तू पुलावर म्हणालीस, "हळू गं, हे पाणी नाही." मी म्हटलं, "ताई, फोर-व्हील ड्राइव्ह आहे." उतारावर तू पुन्हा म्हणालीस. मी पुन्हा तेच म्हटलं, जरा चढ्या आवाजात. आणि खाली गोल चौकाशी ब्रेक दाबला तर पायाखाली नुसती थरथर. गाडी थांबेचना. ब्रेक पुरा दाबलेला आणि गाडी आपली सरळ चाललेली. ती चौकाच्या मधल्या गवतावर चढली तेव्हा थांबली. आपल्याला खरचटलंसुद्धा नाही. तिळगूळ मात्र काचेपासून मागच्या सीटपर्यंत सगळीकडे. एक डच आजोबा सायकल हातात धरून चालत जात होते. ते आपल्याकडे बघून एवढंच म्हणाले, "निसरडं आहे, नाही?"

तू दार उघडून उतरलीस, चंद्रकळेचा पदर खोचलास आणि चाकापाशी गुडघे टेकून बसलीस. टायरच्या बाजूवर काय लिहिलंय ते तू पत्रिका बघावी तसं वाचलंस. मग म्हणालीस, "उन्हाळी आहेत. सात अंशांच्या खाली यांचं रबर दगड होतं. अगं, चारही चाकं ओढतात म्हणून गाडी निघते लवकर. थांबवतं ते रबरच. आणि तुझी गाडी दोन टनांची. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा."

एवढंच बोललीस. नंतर हळदीकुंकवाला पोचलो तेव्हा सगळ्या बायकांनी विचारलं, उशीर का. मी तोंड उघडायच्या आत तू सांगितलंस, "माझ्यामुळे. मीच हिला घाई केली, आणि गाडी घसरली." घरी माझ्या नवऱ्यालाही तेच सांगितलंस. भाऊजी तुला ओरडले. तू ऐकून घेतलंस. मी तिथेच उभी होते, ताई. मी एक शब्द बोलले नाही. तुला थँक यूसुद्धा म्हटलं नाही, कारण थँक यू म्हटलं असतं तर खरं काय झालं ते कबूल करावं लागलं असतं. ते तीन वर्षं राहिलं.

पडलो तरी नाक वर, अशी मी. टायर बदलले, पण तुझे नाही घेतले. आधी जुन्या वस्तूंच्या साइटवरून एक सेट उचलला. माप बरोबर होतं म्हणून मी खुशीत. तू बाजूवरचा आकडा दाखवलास. तो टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, आणि तो माझ्या गाडीला कमी पडत होता. "लहान मुलीच्या पायातला बूट आहे हा," म्हणालीस. ते परत गेले. मग मी ऑल-सीझन घेतले, वर्षभर चालणारे, डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले. जर्मनीतसुद्धा चालतात, कायद्याने. मला वाटलं, चला, मिटलं.

मिटतंय कसलं! "एक ना धड, भाराभर चिंध्या," तू म्हणालीस.

"ताई, हॉलंडात बर्फ पडतो किती? दोन दिवस. तीन. त्यासाठी वर्षातून दोनदा चाकं काढायची, हॉटेलात ठेवायची?"

"हॉलंडात राहायचं असेल तर तुझंच बरोबर आहे. मी कुठे नाही म्हणते? पण आपण जातो कुठे डिसेंबरात?"

आपण जायचो जर्मनीतल्या साउअरलँडला. नाताळनंतरचे चार दिवस, डोंगरातलं ते लाकडी घर. डोंबिवलीची तू आणि बर्फ दिसला की लहान पोरीसारखी हातमोजे काढून हात घालायचीस. पुढे तुझी गाडी, मागे आमची. शेवटचा चढ तू हळूहळू चढायचीस आणि मी तुझ्या चाकोरीतून वर यायचे. वर पोचलं की मी उतरून म्हणायचे, "बघ! माझे टायर चढले की नाही?" आणि तू पिठल्यासाठी कांदा चिरता चिरता म्हणायचीस, "माझ्या चाकोरीतून आलीस म्हणून चढले. एकदा पुढे होऊन दाखव."

मी कधी पुढे झाले नाही. त्यामुळे ते भांडण काही सुटलं नाही.

या वर्षी दसरा आला तेव्हा तू हॉस्पिटलात होतीस. एका दुपारी तुझ्या उशाशी बसले असताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ताई, तू बरी होऊन घरी ये. मी हिवाळी टायर घेते. शप्पथ." तू डोळे मिटले होतेस. एक डोळा उघडून बघितलंस आणि म्हणालीस, "लाच देतेस काय गं?" नर्स आत आली तर आपण दोघी हसत होतो. मग जरा दमून तू म्हणालीस, "मला बरं वाटावं म्हणून घेऊ नकोस. पटलं तर घे." तुला पटवून घेणारी माणसं आवडायची, नुसती ऐकणारी नाही. म्हणून तर मी तुला आवडत असेन.

तर आता त्या मेसेजचं. बुधवारी संध्याकाळी मी तुझ्याकडे गेले. तुझ्याकडेच म्हणते अजून. भाऊजी होते, तुझी लेक इरा होती, मधे चहा. भाऊजी म्हणाले, "मी विचार केला. ऑल-सीझन घालून टाका. आता कोण जाणार आहे बर्फात? मला गाडी येत नाही, मी सायकलवाला माणूस. दोन-तीन दिवसांच्या बर्फासाठी कशाला ती उठाठेव? खरं तर उन्हाळ्यात गाडी विकूनच टाकू."

शब्द न् शब्द माझा होता, ताई! तीन वर्षं मी तुझ्यापुढे हेच वाजवलं. आणि आता समोरून ऐकू आलं तर अंगाचा तिळपापड झाला. मी सुरू झाले. गाडी जड आहे, भाऊजी, जड गाडी थांबायला वेळ घेते. सपाट रस्त्याला ऑल-सीझन ठीक, पण डोंगराच्या उतारावर मऊ रबर लागतं, बर्फ धरणारी नक्षी लागते. नुसते दोन बदलून चालणार नाहीत, चारही एकसारखे हवेत. आणि बर्फ पडल्यावर रांगेत उभं राहणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. हात हलवून हलवून सांगत होते. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तीन वर्षं माझ्या बायकोचं डोकं का खाल्लंस?"

इरा हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. भाऊजीही हसले, मीही, आणि मग आम्हा तिघांनाही रडू फुटलं. चहा पार थंडगार झाला.

तेव्हाच मी सांगून टाकलं. "भाऊजी, त्या संक्रांतीला ताईने घाई केली नव्हती. तिने दोनदा हळू म्हणून सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. तुम्ही तिला उगाच बोललात आणि मी गप्प राहिले." तोंड पोळल्यासारखं झालं मला. भाऊजी मान हलवत राहिले. बोलली ती इरा.

"आय नो, मावशी. आईने मला सांगितलंय."

"कधी?"

"तुझं नाव कोच म्हणून टाकलं तेव्हा."

हे वाचणाऱ्या कुणाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. इथे सतराव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण अठरा पूर्ण होईपर्यंत शेजारच्या सीटवर एक नाव नोंदवलेला मोठा माणूस लागतो. त्याला कोच म्हणतात. इरा उन्हाळ्यात पास झाली, पहिल्या फटक्यात, आणि तू तिला 'माझ्यापेक्षा हुशार' म्हणून पेढे वाटलेस. पहिली कोच तू, दुसरी मी. मी हातापाया पडले होते, माझं नाव टाकू नकोस, माझं लायसन्स खिडकीवर बदलून मिळालेलं. तू तेव्हा नुसती हसलीस. आता इराने तिच्या अर्ध्या इंग्रजी, अर्ध्या मराठीत सांगितलं की तू काय म्हणाली होतीस. "आई म्हणाली, मृणाल एकदा घसरलीय. जो कधीच घसरला नाही, त्याच्या शेजारी मी तुला बसवणार नाही."

तू गेल्यापासून पोरीने गाडीला हात लावला नव्हता. किल्ली फ्रिजवर तशीच पडून होती. मला सगळ्यात जास्त भीती तीच होती. टायरांचं काय, कुठलेही घालता येतात. पण ही पोर जर आता स्टिअरिंगपुढे बसली नाही, तर पुढे कधीच बसणार नाही, असं मला वाटत होतं. आणि जबरदस्ती करायचा मला काय अधिकार? म्हणून मी तिला तोच प्रश्न विचारला जो तू मला दर वर्षी विचारायचीस. "इरा, डिसेंबरात जायचंय कुठे? ते सांग. मग टायर ठरवू."

तिने हातातला कप खाली ठेवला. मग बाबांकडे बघून म्हणाली, "साउअरलँड. वी गो. आपण जाऊ या, बाबा. आईला आवडायचं." आणि वर म्हणाली, "मला पण आवडतं."

भाऊजींनी चष्मा काढला. "पिठलं कोण करणार?" एवढंच विचारलं त्यांनी.

"मी," मी म्हटलं. ताई, तुला माहीत आहे माझं पिठलं कसं होतं. गुठळ्यांसकट खातील बिचारे.

मी यानला कळवलं: हिवाळी, चार, वजनाचा आकडा नीट बघून. आणि हे तुझ्या प्रेमापोटी केलं असं समजू नकोस. पटलं म्हणून केलं. डोंगरात जायचं तर हेच बरोबर. माझ्या गाडीला मात्र मी ऑल-सीझनच ठेवणार आहे, कारण ती एरवी झुइडासला माझ्या ऑफिसच्या पार्किंगपलीकडे जात नाही. म्हणजे तू अर्धी जिंकलीस. अर्धी.

शनिवारी सकाळी तुझी गाडी यानकडे नेली. मी चालवली, इरा शेजारी, कानाला हेडफोन. गवतावर दव गोठलं होतं. यान बाहेर आला, मागे कुणी आहे का म्हणून पाहिलं आणि विचारलं, "मेव्हराउ आज आल्या नाहीत?" मेव्हराउ म्हणजे बाईसाहेब, तू. मला डचमध्ये धड सांगता येईना. इराने सांगितलं, दोन वाक्यांत. त्याने ग्रीसने भरलेला हातमोजा काढला, हात पँटला पुसला आणि तिचा हात हातात घेतला. इथे सगळे म्हणतात तोच सांत्वनाचा शब्द तो म्हणाला. पण मग म्हणाला, "तुझी आई माझ्या टॉर्कचा पाना स्वतः तपासायची. तीस वर्षांत दुसऱ्या कुणी तपासला नाही." इरा म्हणाली, "दाखवा मला." आणि त्याने खरंच दाखवला. नट किती घट्ट करायचा, कुठल्या क्रमाने. त्यातला एक तिने स्वतः आवळला. नक्षी किती खोल ते बघायला दोन युरोचं नाणं नव्या टायरच्या खाचेत उभं घातलं आणि रुपेरी कड पूर्ण बुडाली तेव्हा मान डोलावली. इतकी तुझ्यासारखी दिसली की मला तोंड फिरवावं लागलं.

फुलं नव्हती, कुंकू नव्हतं. अजून घरात तसलं काही करावंसं वाटत नाही. पुढच्या दसऱ्याला करू, सगळं, लिंबांसकट.

यानने किल्ली वर धरली आणि विचारलं, "चालवणार कोण?" मी हात पुढे केला होता. खरंच केला होता. पण इराने माझ्या आधी किल्ली घेतली, हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराकडे गेली. सीट पुढे घेतली. आरसा खाली केला. पट्टा तिला दोनदा ओढावा लागला, आणि मी मदतीला हात घातला नाही. तुझ्याकडून शिकलेल्या थोड्याशा गोष्टींपैकी ती एक.

ताई, मला तुझी फार आठवण येते. संध्याकाळी ऑफिसातून येताना तुझ्या खिडकीतला दिवा बघायची सवय अजून गेली नाही. भांडायला कुणी नाही. माझा नवरा लगेच 'हो' म्हणतो, त्यात काय मजा? पण मला आज वाईट नाही वाटत आहे. आम्ही जाणार आहोत. सीमेपर्यंत इरा चालवेल, तिचं लायसन्स तिथवरच चालतं, पुढे मी. म्हणजे शेवटच्या चढावर या वर्षी पुढे मी असेन, तुझ्या गाडीत, आणि माझा नवरा आमच्या गाडीतून माझ्या चाकोरीतून मागे येईल. तुला हे कळलं असतं तर तू काय बोलली असतीस ते मला ठाऊक आहे, म्हणून ते मी लिहीत नाही.

तर शनिवारी आम्ही यानकडून निघालो. सुपरमार्केटपुढच्या क्रॉसिंगशी एक बाई सायकलवर दोन पोरं बसवून आडवी आली. बरीच लांब होती, पण माझा उजवा पाय आपोआप खाली गेला आणि मी पायाखालचा पत्रा दाबून धरला. इराने केव्हाच वेग कमी केला होता. गाडी अलगद, रेषेच्या हातभर अलीकडे, थांबली. ती बाई हात दाखवून पुढे गेली. इराने रस्त्यावरची नजर न काढता माझ्या पायाकडे बोट दाखवलं.

"मावशी," ती म्हणाली, "ब्रेक माझ्याकडे आहे."

मी दोन्ही पाय मागे सीटखाली ओढून घेतले.